गिअर ऑइल पुन्हा पुन्हा दुधाळ होतंय? नवं सील बसवण्याआधी शाफ्टवर नख फिरवा

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत माझ्या बोटीच्या मशीनच्या पायातलं गिअर ऑइल तीनदा कढीसारखं पांढरं झालं. मधल्या काळात ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसणारं रबरी कडं, दोनदा बदलून झालं होतं, एकदा मिस्त्रीकडून आणि एकदा माझ्या हातानं. दर वेळी काही आठवडे सगळं ठीक चालायचं, मग पुन्हा तेच. ज्यांच्याकडे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं मशीन, आहे आणि हाच त्रास मागे लागलेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. मी उलट्या क्रमानं शिकलो, तुम्ही सुलट्या क्रमानं करा.

माझी बोट सोळा फुटी, फायबरची. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात चालते, पवनीच्या वरच्या अंगाला. पहाटे जाळी उचलायची आणि पलीकडच्या गावचं कोणी असलं तर सोडून द्यायचं, एवढंच काम. मशीन १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, सेकंडहँड घेतलेलं. बाप-आजोबा डोंगा वल्हवत राहिले, त्यामुळे पाण्याखालच्या पायात गिअर असतात आणि ते ऑइलमध्ये बुडालेले असतात, हे मलाही मशीन घरी आल्यावरच कळलं.

तर त्या पायात काय असतं ते आधी. वरून इंजिनाचा उभा शाफ्ट येतो, त्याच्या टोकाला पिनियन, म्हणजे छोटा गिअर. पिनियन दोन गिअर फिरवतो, पुढे जायचा एक आणि मागे यायचा एक. त्यांच्या मधून आडवा शाफ्ट बाहेर पडतो आणि त्यावर पंखा. माझ्या पायात पिनियनला १३ दात आणि गिअरला २७, म्हणजे इंजिनाचे साधारण दोन फेरे झाले की पंख्याचा एक. हे सगळं जेमतेम पाव लिटर नव्वद नंबरच्या गिअर ऑइलवर चालतं. पाव लिटरच असल्यामुळे आत दोन चमचे पाणी गेलं तरी लपत नाही. दात फिरतात, ऑइल-पाणी घुसळलं जातं, आणि ताक तयार.

आधी खात्री करा

पांढरं दिसलं म्हणून लगेच पाना हातात घेऊ नका. मशीन रात्रभर उभं ठेवा, पाय सरळ खाली. सकाळी खालचा ड्रेन स्क्रू अगदी हळू, अर्धाच आटा सैल करा आणि खाली पांढरी वाटी धरा. बऱ्याच वेळात घुसळलं गेलेलं नसलं तर पाणी तळाशी बसतं, त्यामुळे पहिले थेंब स्वच्छ पाण्याचे येतात आणि मागून ऑइल. सगळंच दुधाळ आलं तर पाणी जुनं आहे, घुसळून झालेलं आहे. आणि ऑइल काळं पण चकचकीत आलं तर ते फक्त म्हातारं झालंय, तुमचा त्रास हा नव्हे.

ड्रेन स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर तेही पुसून पाहा. राखाडी, मेणासारखा बारीक लेप असतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचणारा कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर मात्र पुढचं सगळं सोडा आणि पाय उघडा.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते या गोष्टीनं: बोट चालू असताना पाणी आत जातं असा माझा समज होता. चालू असताना उलट आतलं ऑइल गरम होतं, आतली हवा फुगते, दाब बाहेरच्या बाजूला असतो. पाणी जातं ते मशीन बंद केल्यावर. गरम पाय थंड पाण्यात उभा राहतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ओढून घेते. म्हणजे जाळी उचलताना मी अर्धा अर्धा तास मशीन बंद करून उभा राहायचो, तेव्हा माझा पाय पाणी पीत होता. दिवसातून चार-पाच वेळा. म्हणून मशीन वर उचलून ठेवायची सोय आहे ती वापरा. थांबलात की पाय पाण्याबाहेर. दोष जात नाही त्यानं, पण गिअर वाचतात.

पाणी जायला वाटा किती

मोजून सहा वाटा आहेत. वरचा आणि खालचा स्क्रू, त्यांच्याखालचे वायसर. पंख्यामागचं ऑइल सील. ते सील ज्या टोपीत बसतं त्या टोपीची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी. वरच्या बाजूला, पाण्याच्या पंपाखाली, उभ्या शाफ्टचं सील. गिअर टाकायच्या दांडीचं सील. आणि शेवटी पायालाच गेलेली चीर. आमच्याकडे ही चीर नवलाची गोष्ट नाही. या धरणाची पायाभरणी १९८८ सालची, आणि पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत नेलं. काठाकाठानं बुडालेल्या झाडांचे खुंट अजून उभे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते पाण्याखाली जेमतेम वीतभर राहतात आणि दिसत नाहीत.

तरी दहातल्या आठ वेळा चोर पंख्यामागचं सीलच. आणि आठातल्या सात वेळा त्याला मारणारा एकच, तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा.

तंगुसाचं काम असं आहे. नायलॉनचं तुटलेलं जाळं पाण्यात तरंगत असतं, जलपर्णीत गुंतून. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, त्या खतावर जलपर्णी अशी फोफावते की हिवाळ्यात कुठे कुठे पाणी कोणतं आणि वावर कोणतं ते सांगता येत नाही. त्यातून बोट काढली की पंख्याला झुबका बसतो. आपण काय करतो? मशीन वर घेतो, विळ्यानं दिसतं ते कापतो, आणि चालू. पण पंखा फिरताना बारीक तंगूस पंख्याच्या मागे, शाफ्टवर गुंडाळलं जातं. ते बाहेरून दिसत नाही. फिरता फिरता ते घट्ट होत जातं, घर्षणानं वितळतं, आणि कडक कड्यासारखं होऊन सीलच्या ओठावर, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेवर, चढतं.

पहिल्या वेळी मी पंखा काढला तेव्हा शाफ्टवर हिरवट काचेच्या बांगडीसारखं काहीतरी होतं. मला वाटलं मशीनचाच भाग आहे. मिस्त्री हसला, चाकूनं कापून त्यानं ते उकललं तर बोटभर लांबीचे तुकडे पडतच राहिले. माझ्याच जाळ्याचं तंगूस होतं, रंगावरून ओळखलं.

पहिल्या दोन दुरुस्त्या का फसल्या

मिस्त्रीनं तंगूस काढलं, सील बदललं, ऑइल भरलं, पैसे घेतले. त्यात चूक काही नव्हती, फक्त अर्धं काम होतं. दिवाळीच्या आधी ऑइल पुन्हा पांढरं.

दुसऱ्यांदा म्हटलं आपणच करू. जुन्या सीलवर तीन आकडे कोरलेले असतात, १७-३० असे काही सुरू होणारे. पहिला आतला व्यास, दुसरा बाहेरचा, तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. तेवढं लिहून घेतलं आणि नागपूरला बेअरिंगच्या दुकानातून त्याच मापाची दोन सील आणली. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. सीलच्या ओठामागे बारीक स्प्रिंग असते, ओठ शाफ्टवर दाबून धरायला. दुकानातल्या साध्या सीलमध्ये ती साध्या पोलादाची असते, कारण ते सील मोटरपंपासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी केलेलं असतं. पाण्यात ती गंजते आणि ओठ ढिला पडतो. स्टेनलेसच्या स्प्रिंगचं मागा. दुकानदार म्हणेल एकच आहे. एकच नसते. सील हातात घेऊन स्प्रिंगला चुंबक लावून पाहिलं तरी बराच अंदाज येतो.

बहुतेक मशीनमध्ये तिथे एकापाठोपाठ दोन सील असतात. त्यांची तोंडं कोणत्या बाजूला आहेत ते जुनी काढण्याआधी पाहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. काहींमध्ये एकाचं तोंड आत आणि एकाचं बाहेर असतं, आतलं ऑइल धरतं आणि बाहेरचं पाणी अडवतं. काहींमध्ये दोन्ही बाहेर. होती तशीच परत बसवा, आपली अक्कल लावू नका.

मी तसंच बसवलं. संक्रांतीला ऑइल पांढरं.

हवा भरून पाहणं

माझा भाचा मुंबईला शिडाच्या बोटींच्या कामावर आहे. हौशी लोकांच्या असतात ना, तशा. त्याला फोन केला, सगळी रामकहाणी सांगितली. त्यानं एकच विचारलं, “मामाजी, हवा भरून पाहिली का तुम्ही?”

म्हटलं, “हवा कशाची? ट्यूब आहे का ते?”

“ट्यूबच समजा. ट्यूब पंक्चर झाली की तुम्ही आधी पाण्यात बुडवून भोक पाहता, मग पॅच लावता. इथं भोक न पाहता पॅचच लावून राहिले तुम्ही.”

त्याच्याकडच्या बोटींना आपल्यासारखं मागे टांगलेलं मशीन नसतं. इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि त्याचा पाय बोटीचा तळ फोडून सरळ खाली पाण्यात उतरतो, त्याला सेलड्राइव्ह म्हणतात. आत गिअर तेच, ऑइल तेच, पंख्यामागचं सील तेच, आणि ऑइल दुधाळ होण्याचं दुखणंही तेच. फरक एवढाच की तो पाय वर उचलता येत नाही. सील बदलायचं तर अख्खी बोट क्रेननं बाहेर काढायची, आणि त्याचं भाडं वेगळं. तळाला जिथून पाय उतरतो तिथे रबराचा मोठा पडदा असतो. तो फाटला तर बोटच बुडायची, म्हणून तो दिसायला चांगला असला तरी मुदतीत बदलतात. व्होल्वो पेंटा सात वर्षांची मुदत देतं. हे ऐकून मला माझ्या पंधरा हॉर्सचं एकदम बरं वाटायला लागलं. चार बोल्ट काढले की आपला पाय मांडीवर येतो.

तर हवेची परीक्षा. ऑइल पूर्ण काढून टाका. खालचा स्क्रू वायसरसकट घट्ट बसवा. वरच्या स्क्रूच्या भोकात ऑइल भरायच्या पिचकारीचं आट्याचं तोंड बसतं, ते बसवा. त्याच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला मी ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबचा वॉल्व्ह कापून क्लॅम्पनं आवळला. त्याला काट्याचा पायपंप. हवा हळूहळू भरायची, १० पीएसआयपर्यंत, त्याच्या फार पुढे नाही. ट्यूबलेस टायरसारखी ३० भरली तर चांगलं सीलसुद्धा आपल्या जागेवरून उठेल. मग काटा पाहत बसायचं, पाच-दहा मिनिटं.

माझा काटा हलला नाही. मला वाटलं पाय ठीक आहे, भाचा शहाणपणा करतो आहे. फोन केला तर म्हणतो, “आता पिंपात बुडवा आणि पंख्याचा शाफ्ट हातानं फिरवा. थांबलेला शाफ्ट खोटं बोलते.”

निळं दोनशे लिटरचं पिंप होतं, वावरात फवारणीचं पाणी ठेवायचं. धुऊन, पाणी भरून पाय त्यात उभा बुडवला. शाफ्ट हळू फिरवला. सीलच्या भोवतीनं मोहरीएवढे बुडबुडे निघायला लागले, सलग, बारीक माळेसारखे. फिरवणं थांबवलं की बंद. पुन्हा फिरवलं की सुरू. बायको मागे उभी होती, ती म्हणाली, “हे त दिसून राहिलं, मग चार महिने काय पाहत होते?”

आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट दिसली. खालच्या स्क्रूजवळ दर आठ-दहा सेकंदांनी एक बुडबुडा सुटत होता. काट्यावर तो दिसण्याएवढा नव्हता. तो वायसर मी तिन्ही वेळा जुनाच वापरला होता. काढून नखानं वाकवला तर कडेला केसाएवढी चीर. दहा-पंधरा रुपयांची वस्तू. तेव्हापासून ऑइल काढलं की दोन्ही वायसर नवे, न चुकता.

दाब देऊन झाला की उलटंही पाहा, म्हणजे हवा ओढून. काही सील आतून दाब दिला की शाफ्टवर घट्ट बसतात आणि आतली हवा ओढली की सोडून देतात, आणि थंड होणारा पाय ओढतच तर असतो. माझ्याकडे त्याचं यंत्र नाही. जनावरांच्या डॉक्टरकडून मोठी सिरिंज आणली, सुई न लावता. नळीला जोडून तीन-चार वेळा हवा खेचायची, दर वेळी नळी चिमटून धरायची, मग नळी दुमडून तारेनं बांधायची. दहा मिनिटांनी सोडली की फुस्स करून हवा आत गेली पाहिजे. आवाज आला नाही तर कुठूनतरी आधीच गेलेली आहे.

आता शाफ्ट

पंखा काढा. त्याआधी प्लगची वायर काढून ठेवा. गिअरमध्ये असताना मशीन सुरू होऊन पंखा फिरला तर हाताचं बोट जायचं, हे मला सांगायची गरज पडू नये. स्प्लिट पिन, नट, पंखा, मागचं जाड वायसर, सगळं ज्या क्रमानं निघतं त्या क्रमानं फडक्यावर मांडा. टोपीचे दोन बोल्ट काढा. टोपी अडून बसली असेल तर पेचकस घालून उपटू नका, अॅल्युमिनियमची कड उडते आणि मग ओ-रिंगच्या वाटेनं नवीन कटकट. कडेनं मातीचं तेल सोडा, लाकडाच्या तुकड्यावर हलक्या हातानं ठोकत ती फिरवून पाहा, मग पुलर लावा.

शाफ्ट स्वच्छ पुसा, आणि सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे नख आडवं फिरवा. डोळ्यांनी पाहू नका, नखानं पाहा. चकचकीत पट्टा दिसतो तो नुसता रंग असू शकतो. माझं नख दोन ठिकाणी खटकन अडकलं. दोन सील, दोन चरे. आमच्या पाण्यात बारीक रेती कायम असते. ती ओठाखाली अडकते आणि रबरातून शाफ्ट कानशीसारखा घासते. रबर मऊ असून लोखंड झिजवतं कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. लोखंड रेती झिजवते, रबर तिला फक्त धरून ठेवतं.

आता नवीन सील आणलं की त्याचा ओठ बरोबर त्या चरातच येऊन बसतो. चर ओठापेक्षा खोल आणि खरखरीत. चार दिवस ग्रीसवर तो धकतो, मग सुटतो. माझी दोन्ही सीलं अशीच गेली. सील चांगलं होतं, त्याची बैठक खराब होती.

शाफ्ट वाकडा आहे का तेही याच वेळी पाहा. पंखा खुंटाला आदळून गेला असेल तर जास्तच. दोन विटांवर ‘व्ही’ खाच केलेली लाकडं ठेवून त्यात शाफ्ट फिरवा आणि टोकाजवळ एक तार स्थिर धरा. तार आणि शाफ्ट यांच्यातली फट कमी-जास्त झाली तर वाकडा. वाकड्या शाफ्टला सीलही वाचवत नाही आणि स्लीव्हही (चरावर चढवायची पातळ नळी, ती पुढे सांगतो) नाही, तो बदलावाच लागतो.

उपाय, आणि एक अपाय

लेथवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “भरून देतो वेल्डिंगनं, मग खरादून देतो. तासाभराचं काम.” तासाभराचं आहे म्हणूनच नको. शाफ्टला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं ते उतरतं आणि शाफ्ट कणभर का होईना वाकतो. बैलगाडीच्या कण्याला चालेल, मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेणाऱ्या शाफ्टला नाही.

लगेच करता येण्यासारखा उपाय फुकट आहे. सील दीड-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवायचं, म्हणजे ओठ चरावर न येता शेजारच्या कोऱ्या जागेवर येतो. टोपीत तेवढी जागा आहे का ते मापून घ्या. बाहेरचं सील पूर्ण आत न ठोकता जरा वर ठेवलं तर पंख्यामागचं वायसर त्याला घासत नाही ना, ते पंखा बसवून फिरवून पाहा. मी पहिले पाच आठवडे असंच चालवलं. चाललं.

पक्का उपाय म्हणजे स्लीव्ह. स्टेनलेसची कागदासारखी पातळ नळी येते, पाव मिलिमीटरच्या आसपास जाड, ती चरावरून शाफ्टवर चढवायची. इतकी पातळ असते की सील आधीच्याच मापाचं चालतं. शाफ्टचा चर नसलेल्या जागेचा व्यास व्हर्नियरनं तीन ठिकाणी मापून तेवढीच मागवा, अंदाजानं नाही. बसवताना चर एपॉक्सी पुटीनं भरून घ्यायचा, ती ओली असतानाच सोबत आलेल्या टोपणानं नळी सरळ ठोकत न्यायची. माझी पहिली नळी मी घाईत तिरपी ठोकली आणि ती मक्याच्या पानासारखी चुरगळली. दुसरी मागवावी लागली. अर्धा दिवस तिला दिला तर एकातच काम होतं.

सील बसवताना शाफ्टच्या आट्यांवर आणि खाचांवर पातळ सेलोटेप गुंडाळा, नाहीतर नवा ओठ त्या धारेवरूनच कापत जातो. ओठाला ग्रीस, बाहेरच्या कडेला नाममात्र. ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट घ्या, हातोडीनं सरळ सीलवर मारू नका. टोपीची ओ-रिंग नवी. पाय उतरवलेलाच आहे तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलरही (आतलं पाणी ढकलणारं रबरी चाक) बदलून टाका, आमच्या रेतीत तो दरवर्षी लागतोच. आणि पाय परत चढवताना उभ्या शाफ्टच्या खाचांच्या बाजूंना ग्रीस लावा, वरच्या टोकावर थापू नका. तिथे ग्रीस साचली की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही.

मग पुन्हा हवा, पुन्हा पिंप, पुन्हा शाफ्ट फिरवून. १० पीएसआय भरून बैलांना पाणी पाजून आलो, काटा जागेवर होता. त्याशिवाय ऑइल भरायचं नाही.

ऑइल खालून भरतात, वरून नाही. वरून ओतलं की आत हवा अडकते, भरल्यासारखं वाटतं आणि नसतं. खालच्या भोकातून पिचकारीनं वर चढवत न्यायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय सलग ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू बसवायचा, मग पिचकारी काढून झटकन खालचा. पहिलं ऑइल धुण्यापुरतंच समजा. पिंपात मशीन दहा-पंधरा मिनिटं गिअरमध्ये चालवा आणि काढून टाका. कोपऱ्याकोपऱ्यात राहिलेलं जुनं पाणी त्यात येतं, ते हमखास पांढरट निघेल. घाबरू नका, दुसरं भरा. माझं तिसऱ्या वेळी मधासारखं स्वच्छ राहिलं. त्यात इंजिन ऑइल घालून काटकसर करणारे भेटतील. गिअरचे दात इंजिन ऑइल धरून ठेवत नाहीत.

दुरुस्त करायचं की पाय बदलायचा

पाणी किती दिवस आत होतं त्यावर आहे. टोपी काढल्यावर बेअरिंगच्या गोळ्यांवर तांबूस डाग असतील, बोटानं फिरवताना ते खरखर करत असतील, तर बेअरिंग बदला. गिअरच्या दातांवर देवीच्या व्रणासारखे खड्डे पडले असतील तर गिअर गेले. दोन गिअर, पिनियन आणि बेअरिंग असं सगळं वेगवेगळं घ्यायला निघालात तर अख्खा जुना पाय स्वस्त पडतो, हा माझा हिशोब आहे.

जुना पाय घेताना दोन गोष्टी पाहा. लांबी, कारण छोटा पाय मागची फळी १५ इंच उंच असलेल्या बोटीचा आणि मोठा २० इंच फळीच्या बोटीचा असतो. आणि दातांचं प्रमाण. वरचा शाफ्ट गिअरमध्ये टाकून हातानं फिरवा आणि पंख्याच्या शाफ्टचा एक फेरा व्हायला वरचे किती लागतात ते मोजा. तुमच्या पायाशी ते जुळलं पाहिजे, नाहीतर इंजिन कायम ओझ्याखाली राहील किंवा नुसतंच ओरडेल. विकणारा सांगेल ‘याच मशीनचा आहे’. तरी मोजा. त्याच्यासमोर मोजा. आणि जमलं तर सायकलचा पंप सोबत घेऊन जा. मी एका ठिकाणी असा पंप काढला तर विकणाऱ्यानं आपणहून भाव उतरवला.

सध्या मी दर पंधरा दिवसांनी पंखा काढून तंगूस पाहतो, तंगूस असो वा नसो. काम दहा मिनिटांचं आहे. तंगूस बसल्याचं कळलं की आता फॉरवर्ड-रिव्हर्सचे झटके देत नाही, मशीन बंद करून काठाला वल्हवत आणतो. स्लीव्हवर आतापर्यंत अडीच महिने झाले. परवा सकाळी खालचा स्क्रू अर्धा आटा सैल केला, वाटीत पहिला थेंब पिवळाच पडला, तेवढाच पाहून परत आवळला. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की पाय पुन्हा उतरवणार आहे. नख स्लीव्हवर अडकतं का ते पाहायचंय, आणि तोपर्यंत एक कोरा शाफ्ट भाच्याला शोधून ठेवायला सांगितलाय.